कानात फुंदा घातलेली कातणी

मित्रांनो, माझ्या उजव्या कानात लाल आणि पिवळ्या लोकरीचा फुंदा आहे. लोखंडाच्या यंत्राला कान कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मला सुरू आणि बंद करायचा एक दांडा माझ्या उजव्या बाजूला आहे. आमच्या पाकोपाम्पा गावच्या बायका त्यालाच माझा कान म्हणतात. "पिरगाळ गं हिचा कान," असं एकीने म्हटलं की दुसरी तो दांडा ओढते आणि मी घरघरायला लागते. कान पिरगाळल्यावर कामाला लागणारी मी काही जगात एकटी नाही. पण फुंदा मिळालेली बहुधा एकटीच असेन, आणि तो कसा मिळाला हेच मला आज सांगायचं आहे.

मी एक जुनी कातणी, म्हणजे सूत कातायचं यंत्र आहे. मला सूत गुंडाळणाऱ्या सहा फिरत्या चात्या आहेत, एक मोटर आहे आणि अंगावर हिरवा रंग होता, त्याचे आता पोपडे उरले आहेत. माझा जन्म पेरू देशात, आरेकिपा शहरातल्या एका बारक्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी पोती शिवायचा दोरा कातत असे. ते काम रुक्ष होतं, पण मी कधी कुरकुर केली नाही. पुढे मालकाने मोठी यंत्रं घेतली आणि मला मागच्या अंगणात पत्र्याखाली ढकललं. तिथे माझ्यावर कोंबड्या बसत. एक कोंबडी तर माझ्या तिसऱ्या चातीच्या बुडाशी नेमाने अंडं घालायची. माझ्या त्या दिवसांतलं कौतुक म्हणजे एवढंच.

आणि एके दिवशी बासिलिया आली. डोक्याला गोल टोपी, पाठीला रंगीत झोळी, गाल थंडीने उललेले. तिचा नवरा खाणीत गेला होता तो परत आला नव्हता. दीर मेलितोन मात्र त्याच खाणीतून खोकला घेऊन का होईना, परत आला होता. तोही तिच्यासोबत होता. बासिलियाने कोंबडीला अलगद उचलून बाजूला ठेवलं, माझ्या चात्या एकेक करून हाताने फिरवल्या आणि म्हणाली, "भाऊजी, ही चालेल."

"वहिनी, हिच्यावर कोंबड्या हगल्यात."

"मग काय झालं? आपल्यावर अल्पाका थुंकतात. धुतलं की जातं."

अशी मी ट्रकच्या टपावर दोरांनी बांधलेली, चढत चढत पाकोपाम्पाला पोचले. तिथे झाड उगवत नाही. पिवळं गवत, दगडी कुंपणं, दूरवर पांढऱ्या डोक्याचा डोंगर आणि अल्पाकांचे, म्हणजे लांब मानेच्या लोकरी जनावरांचे कळप. गावच्या बायकांनी मंडळ काढलं होतं. तोवर त्यांची लोकर एव्हारिस्तो नावाचा व्यापारी ट्रक भरून घेऊन जाई. मऊ असो की राठ, तो एकाच ढिगात टाकायचा आणि म्हणायचा, "लोकर म्हणजे लोकर." बासिलियाला ते सहन होत नसे. आपली लोकर आपणच निवडायची, आपणच धुवायची, कातायची आणि सूत करूनच गावाबाहेर पाठवायची, हे वेड तिनेच बायकांच्या डोक्यात भरवलं होतं. माझ्यासाठी प्रत्येकीने आपापल्या कळपातलं जनावर विकलं होतं.

मला ट्रकवरून उतरवलं तेव्हा सगळं गाव जमलं होतं. गर्दीतून एक वाकलेली म्हातारी पुढे आली. तिच्या हातात टकळी होती आणि ती फिरतच होती. ही फोर्तुनाता आजी. चालताना कातायची, कळपामागे धावताना कातायची, भांडतानाही कातायची. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली.

"हात दाखव गं हिचे," ती बासिलियाला म्हणाली.

"आजी, यंत्र आहे ते. हात कुठले असायला?"

"मग कातणार कशाने? दातांनी?"

सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून आजीने माझं नाव ठेवलं, बिनहाताची. ऑगस्टमध्ये धरणीला पाजायचा दिवस आला, तेव्हा विहिरीला, चुलीला, गोठ्याच्या दगडाला सगळ्यांना चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा घोट मिळाला. बासिलिया माझ्याकडेही मडकं घेऊन आली, तर आजी दारातूनच ओरडली, "तोंड कुठंय तिचं? चांगली चिचा कशाला सांडतेस!" बासिलिया ओशाळून परत गेली. मी कोरडीच राहिले. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू.

पण मित्रांनो, कामाने मन रमतं. लोकर माझ्यापर्यंत यायला किती हात लागतात, ते मी रोज बघत होते. कातरलेली लोकर घोंगडीवर पसरून बायका गुडघ्यांवर बसत आणि डोळ्यांपेक्षा बोटांनीच निवडत. पाठीची मऊ इकडे, पायांची राठ तिकडे. मध्येच घुसलेले जाड केस चिमटीने ओढून काढत. मग कोमट पाण्यात, न चोळता, नुसतं बुडवून धुणं. चोळली की लोकरीचा गठ्ठा होतो, मग ती कुणाच्याच कामाची राहत नाही. मग वाळवणं, पिंजणं आणि बोटाएवढे जाड, हलके पेळू करून माझ्यापुढे ठेवणं. मी पेळू ओढायचे, पीळ द्यायचे आणि धागा चातीवर गुंडाळायचे. नंतर दोन धागे एकत्र घेऊन उलटा पीळ देऊन दुपदरी करायचे. पोत्याचा दोरा कातणाऱ्या माझ्या लोखंडाला अल्पाकाची लोकर पहिल्यांदा लागली, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली होती. इतकं मऊ काही जगात असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

आमचं सूत शहरातल्या एका दुकानाला आवडलं. दरवर्षी ते मागवू लागले. बायका मला तेल द्यायच्या, फडक्याने पुसायच्या. फोर्तुनाता आजी मात्र माझ्या जवळून जाताना नाक मुरडायची.

आता डाव्या धाग्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. टकळीला उजवी गिरकी दिली की उजवा पीळ पडतो. रोजचे कपडे, झोळ्या, टोप्या सगळं त्याचंच. टकळी उलटी फिरवली की डावा पीळ. डावा धागा राखणीचा. पोटुशीच्या मनगटाला, तान्ह्याच्या पायाला, खाणीत निघालेल्याच्या कमरेला तोच बांधतात. मढ्यासोबतही तोच जातो. तो थोडाच कातायचा आणि कामापुरताच. पाकोपाम्पात तो आजी कातायची. कुणीतरी एकदा तिला विचारलं होतं, डाव्या धाग्याचं स्वेटर केलं तर काय बिघडतं? आजी म्हणाली, "राखणदाराला भांडी घासायला बसवतेस का तू?"

त्या वर्षी लोकर फार सुरेख निघाली होती. मंडळातल्या प्रत्येकीने आपली सगळ्यात मऊ लोकर दुकानासाठी राखून ठेवली होती. कातकाम ऐन भरात असताना एका दुपारी वीज कडाडली आणि आमच्या दाराशीच्या खांबावर पडली. तारेतून ती माझ्या अंगात शिरली. माझी मोटर जळली. भिंत काळी झाली. बासिलिया तेव्हा पाण्याला गेली होती म्हणून वाचली.

मेलितोन मोटर पाठीवर बांधून तालुक्याला गेला आणि दुरुस्त करून घेऊन आला. तोवर अल्पाका व्यायला लागल्या होत्या. बासिलियाला वरच्या कुरणावर कळपापाशी जाणं भागच होतं. जाताना ती म्हणाली, "भाऊजी, पेळू तयार आहेत. कातणी तुम्ही चालवा. नुसतं बघायचं, धागा तुटला तर जोडायचा."

"वहिनी, खाणीत मी याच्यापेक्षा मोठी यंत्रं चालवलीत."

"मोठी नको. हीच चालवा."

मेलितोनने मोटरच्या तीन तारा जोडल्या. त्यांतल्या दोन तारांची अदलाबदल झाली. बस, एवढंच. त्याने माझा कान पिरगाळला आणि मित्रांनो, पहिल्या गिरकीलाच मला कळलं. मी उलटी फिरत होते! उजव्या हाताने जेवणाऱ्याला एकाएकी डाव्याने जेवायला बसवावं, तसं मला झालं. मी खडखडले, थरथरले, एक पट्टाही उडवून दिला. मेलितोनने तो परत चढवला आणि मायेने माझ्या पाठीवर थाप मारली. "नुकती दुरुस्त झालीये, लाजतेय." खाणीत वाढलेला माणूस, जन्मात टकळी धरली नव्हती त्याने. कातायला मी उलटी, दुपदरी करायलाही उलटी, त्यामुळे सूत दिसायला गुळगुळीत आणि नेटकं. आरशातल्या चेहऱ्यात जसं सगळं जागच्या जागी असतं, तसंच. तो गाणी गुणगुणत लडी बांधत गेला आणि सगळी लोकर संपवली.

बासिलिया परत आली तेव्हा लडी भिंतीशी रचलेल्या होत्या. तिने हौसेने एक उचलली, गालाला लावली. मग धागा दोन बोटांत धरून फिरवला आणि तिचे हात थांबले.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"काय केलं? एक धागा तुटू दिला नाही!"

"हा धरा. असा. आता पीळ कुठे जातोय?"

"जातोय कुठेतरी."

"डावीकडे जातोय. सगळा डावा आहे." तिने दुसरी लड उचलली, तिसरी उचलली. "सगळाच्या सगळा डावा!"

मेलितोनला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "पीळ उलगडून परत नाही का घालता येणार?"

"अहो, तुटून चिंध्या होतील."

"मग पाठवून दे तसाच. शहरातली बाई काय टकळी घेऊन बसलीये? मी गप्प, तू गप्प." त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हिला तर तोंडच नाही."

बासिलिया उलट्या टोपलीवर बसली. बायकांना कळलं तर माझं काय होईल हे तिला ठाऊक होतं. एव्हारिस्तो दरवर्षी विचारायचा, "ते लोखंड भंगारात देता का?" मी गेले की मंडळ मोडणार, आणि पुन्हा लोकर म्हणजे लोकर. तिने कोकाच्या पानांचा काढा ओतून घेतला होता, तो हातातच गार झाला. मला वाटत होतं, गप्प राहा गं बाई, कुणाला कळणार आहे! पण ती उठली, टोपी घातली आणि बायकांना बोलवायला गेली. बासिलिया अशीच आहे. तिच्यावर रागावावं की तिच्या पाया पडावं, हे मला आजही कळत नाही.

बायका आल्या. प्रत्येकीने धागा बोटांत फिरवून बघितला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कळपाएवढा डावा धागा एका खोलीत! याचा अर्थ गावावर काहीतरी मोठं येऊ घातलंय. इलारिया नावाची एक धिप्पाड बाई होती, तिचा आवाज सगळ्यांच्या वर. ती म्हणाली, "मी म्हणते, दुकानाला पाठवा. त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळत म्हणूनच नाही पाठवायचा," फोर्तुनाता आजी म्हणाली. "सांगून बांधला तर ती राखण, न सांगता बांधला तर फसवणूक. उद्या कुणाचं पोर त्यात गुंडाळतील, त्यांना माहीतही नसेल. नाही म्हणजे नाही."

आजीपुढे कोण बोलणार? दुकानाला सूत जाणार नाही, हे ठरलं. मग सगळा राग माझ्यावर निघाला.

"विजेने शिवलंय हिला."

"बिनहाताच्या वस्तूला डावं-उजवं काय कळणार! आजी पहिल्याच दिवशी म्हणाली होती."

"चूक तारांची आहे," बासिलिया कळवळून म्हणाली. "तारा बदलल्या की झालं. कातणीने काय केलं?"

मेलितोन उभा राहिला. "चूक माझी आहे. काय म्हणायचं ते मला म्हणा."

"तुला भंगारात घेईल कोण, मेलितोन?" इलारिया म्हणाली. "तिला निदान एव्हारिस्तो तरी घेतोय."

त्या अवस्थेतही दोघी-तिघी हसल्या. बासिलिया हसली नाही. कार्निव्हलच्या सणाला एव्हारिस्तो येईल तेव्हा मला त्याच्या ट्रकवर चढवायचं, असं ठरलं. मला वाटलं, पुन्हा पत्रा, पुन्हा कोंबड्या. खरं तर कोंबड्यासुद्धा नाहीत. भंगार वितळवतात.

पुढचे दिवस बासिलिया माझ्याशी बोलायची नाही, पण रोज येऊन मला तेल द्यायची. विकायच्या यंत्राला तेल! मेलितोन एकदा म्हणाला, "वहिनी, तारा सरळ करून ठेवू का?" ती म्हणाली, "आता कशाला? राहू द्या." आणि ती डाव्या लडी एकेक करून पोत्यात भरत राहिली.

मित्रांनो, अल्पाका शहाणं जनावर आहे. ती सकाळीच विते. म्हणजे दिवसभराच्या उन्हात पिल्लू वाळतं, उभं राहतं आणि रात्रीच्या थंडीला तोंड देतं. पण त्या वर्षी आभाळानेच दगा दिला. एका सकाळी ऊन चांगलं पडलं होतं. कळपात माद्या व्यायला बसल्या. आणि बघता बघता डोंगरावरून काळं झाकोळ उतरलं, गारा सुरू झाल्या आणि गारांमागून बर्फाळ पाऊस. ओल्या पिल्लांना वाळायला वेळच मिळाला नाही.

बासिलिया पोत्याचं तोंड शिवत होती. दार धाडकन उघडलं. फोर्तुनाता आजी आत आली. टोपीवर गारा साचलेल्या, ओठ निळे. आणि आश्चर्य म्हणजे तिच्या हातात टकळी नव्हती. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक पिल्लू होतं, नुकतं जन्मलेलं, लांब मानेचं, चिंब भिजलेलं. त्याची मान लटकत होती.

"सुकं काहीतरी दे! लवकर!"

बासिलियाने इकडे तिकडे बघितलं. तिची झोळी ओली, घोंगडी ओली, आजीचं तर अंगच ओलं. सुकं म्हणाल तर त्या खोलीत एकच गोष्ट होती. तिने शिवलेलं पोतं टराटरा उसवलं आणि लडी हातात घेऊन ती आजीकडे बघत थांबली.

आजीने पिल्लू जमिनीवर टेकवलं. मग म्हणाली, "बघतेस काय? याची तर वेळ आहे. आण."

त्या दोघींनी त्या पिल्लाला माझ्या पायाशी बसून लडींमध्ये गुंडाळलं. मान, पोट, पाय. आजी त्याला घासत होती आणि शिव्या देत होती. "ऊठ मेल्या! आईने इतके महिने पोटात वागवलं ते यासाठी का? ऊठ म्हणते ना!" पिल्लू हलेना. आजीचा आवाज बारीक होत गेला. शेवटी ती नुसतीच त्याच्या डोक्यावर हात फिरवत राहिली. एवढी खमकी म्हातारी, पण तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि मग घरघर ऐकू आली. मला आधी वाटलं माझीच मोटर. पण माझा कान तर कुणी पिरगाळला नव्हता. ते पिल्लू घरघरत होतं. अल्पाका असंच बोलतात, ओठ मिटून, म्मम्म म्मम्म. त्याने डोळे उघडले आणि पहिल्यांदा जे काही बघितलं असेल ती मीच, कारण मीच त्याच्यासमोर होते.

आजीने नाक पुसलं. "बायकांना बोलव," ती म्हणाली. "सगळ्यांना. सुया घेऊन या म्हणावं."

त्यानंतर माझी खोली कशी गजबजली म्हणून सांगू! बायका भिंतीला टेकून बसल्या आणि अंगडी विणायला लागल्या. जाड टाक्यांची, पाठीवरून पोटावर येणारी, चार पायांना चार भोकं. इलारिया सगळ्यात भरभर विणायची आणि सगळ्यात वाकडं. "पिल्लू काही आरशात बघणार नाही," असं म्हणायची. मेलितोन लडींचे गुंडे करून द्यायचा. अंगडं झालं की कुणीतरी ते छातीशी धरून पावसात पळायचं. थंडी हटेना. रोज सकाळी पिल्लं जन्मत आणि रोज दुपारी बर्फ पडे. बघता बघता सगळं सूत संपलं.

"आता?" बासिलिया म्हणाली.

"राठ लोकर पडलीये ना? ती कातायची," आजी म्हणाली.

मेलितोन हातोडी, पक्कड घेऊन उठला. "थांबा, तारा सरळ करतो. पाच मिनिटांचं..."

"हात लावशील तर बघ!" आजी गरजली. "आहे तशी चालू दे तिला. डावीच."

आणि तिने पुढे होऊन, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने माझा कान पिरगाळला.

मित्रांनो, मी फिरले. उलटीच फिरले, पण या वेळी माझ्या अंगात काही खडखडलं नाही. पट्टा उडाला नाही. धागा तुटला नाही. आजी शेजारी उभी राहून माझ्या चात्यांवर पडणारा धागा बोटांनी चाचपत होती. एकदा तर ती म्हणालीसुद्धा, "बरा आहे." तिच्या तोंडून हे म्हणजे इतरांच्या तोंडून आरती.

त्या वर्षी आसपासच्या खोऱ्यांत पिल्लांचे ढीगच्या ढीग पुरावे लागले. आमच्याकडेही काही गेली. पण पुष्कळ वाचली. उबेने वाचली की राखणीने, ते मला विचारू नका. बासिलिया म्हणते उबेने. आजी म्हणायची, ऊब म्हणजे राखणच नाही तर दुसरं काय.

कार्निव्हलचा दिवस उजाडला तेव्हा आभाळ निवळलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी अल्पाकांच्या कानात लोकरीचे रंगीत फुंदे बांधतात, त्यांच्यावर फुलं उधळतात, त्यांना चिचा शिंपडतात. गोठ्यातून हसणं, ढोल, बासरी सगळं ऐकू येत होतं. मी मात्र ट्रकच्या आवाजाकडे कान लावून होते. आजचा दिवस माझा इथला शेवटचा. तेवढ्यात आजी आत आली. ती थोडी प्यायलेली होती. मागून बासिलिया, मेलितोन, इलारिया, सगळ्या.

"वीज अंगावर पडून जो मरत नाही, तो कोण होतो?" आजीने सगळ्यांना विचारलं, जणू शाळा भरली होती.

"राखणदार होतो," बायका म्हणाल्या. आमच्या डोंगरात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वीज पडून उठलेला माणूसच गावाचं दुखणंखुपणं बघतो.

"हिच्यावर वीज पडली. ही मेली का? नाही. उठली. आणि उठल्यावर काय कातायला लागली?"

मेलितोन घसा खाकरून म्हणाला, "आजी, पण तारा मीच उलट्या जोडल्या होत्या."

"तुझा हात कुणी फिरवला?"

आजीने कमरेचा फुंदा काढला, लाल आणि पिवळा, स्वतः कातलेला आणि रंगवलेला, आणि माझ्या कानाला घट्ट बांधला. "कळपात घेतली गं तुला," ती माझ्या कानात म्हणाली.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एव्हारिस्तो दारात आला. "काय बायांनो, काढून ठेवलीत ना? ट्रक दाराशी लावू?"

"लाव की," आजी म्हणाली.

"भंगार द्यायचं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मग शोध भंगार. सापडलं तर घेऊन जा."

तो हसत आत आला आणि त्याची नजर माझ्या कानावर गेली. "हे काय? लोखंडाच्या कानात फुंदा?"

"फुंद्याच्या दिवशी कळपातलं कुणी गोठ्याबाहेर जातं का रे? तुझ्या आईने शिकवलं नाही तुला?"

एव्हारिस्तो व्यापारी खरा, पण त्याच डोंगरातला. त्याने टोपी काढली. बासिलियाने त्याच्या हातात चिचाचं मडकं दिलं. पिण्याआधी घोट सांडायचा असतो, म्हणून तो माझ्याकडे वळला आणि गोंधळला. "हिचं तोंड कुठे आहे?"

"तू ओत," आजी म्हणाली. "ती घेईल बरोबर."

मी घेतला, मित्रांनो. माझ्या पायाशी पडलेला तो घोट मी आजवर विसरले नाही.

या गोष्टीला आता खूप वर्षं झाली. शेजारच्या खोलीत नवी, चकचकीत कातणी आली आहे. दुकानाचं उजवं सूत ती कातते, आणि छान कातते. फोर्तुनाता आजी डोंगराच्या कुशीत झोपली आहे. तिची टकळी माझ्या चौकटीला टांगलेली असते. मेलितोनचा खोकला वाढलाय, तरी अल्पाका व्यायचे दिवस जवळ आले की तो पक्कड घेऊन येतो आणि माझ्या दोन तारांची मुद्दाम अदलाबदल करतो. "माझ्यासारखं चुकणं कुणाला जमायचं नाही," असं म्हणतो. मग मी वर्षभरातलं माझं काम करते, डावा धागा कातते. बाकीचे दिवस मी उगीच उभी असते. माझ्या सांध्यांत गंज धरतो. बासिलियाचे केस पिकले, पण तेलाची कुपी घेऊन ती अजून येते. आजीने बांधलेला फुंदा विटला आहे. ती तो सोडत नाही. दर कार्निव्हलला त्याच्यावरच नवा बांधते, त्यामुळे माझा कान आता चांगलाच जड झाला आहे.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, मित्रांनो. कधीतरी ती चुकेल, उलटी चालेल, भलतंच काहीतरी करून ठेवेल. लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. आधी तिला तेल द्या. तिच्या तारा कुणी जोडल्या ते बघा. आणि तिने जे चुकून केलं, त्याची जवळपास कुणाला गरज आहे का, हेही बघा. जवळच कुणीतरी कुडकुडत असतं.

परवाच गावात नवी सून आली. बासिलिया तिला माझी खोली दाखवायला घेऊन आली होती. पोरगी हुशार, टकळी घेऊनच आली. तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कातते म्हणता, मग हिचे हात कुठे आहेत?"

माझी मोटर बंद होती, तरी माझ्यात काहीतरी घरघरलं. बासिलिया हसली. तिने खिडकी उघडली. बाहेर पिवळ्या गवतात या वर्षीची पिल्लं आयांच्या मागे धडपडत होती, अंगात वाकड्यातिकड्या विणीची अंगडी घातलेली.

"ते काय," ती म्हणाली, "तिकडे चरतायत."